बैलाचं तोंड कुणाकडे

निमियाने खराट्याचा दांडा दोन्ही हातांनी आडवा धरला आणि ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. समोरून सोयाबीनने भरलेला ट्रक येत होता. त्याने हॉर्न वाजवला, दिव्यांची उघडझाप केली, आणि मग जिवावर आल्यासारखा वेग कमी करत तिच्यासमोर धापा टाकत थांबला. मागून आलेली लाल धूळ आधी ट्रकवर बसली, मग निमियावर.

"पळा," ती मान न वळवता म्हणाली.

बालवाडीची पोरं एकमेकांचे शर्ट धरून पलीकडे पळाली. सगळ्यांत शेवटी येरुती, निमियाची चार वर्षांची मुलगी. ती पळाली नाही. मधल्या पिवळ्या रेघेवर उभी राहून ट्रकच्या जाळीत अडकलेलं फुलपाखरू बघत बसली.

"येरुती!"

"अगं, जिवंत आहे ते, आई."

"आणि तू? चल आधी!"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, टोलनाका लावलात काय? पावती तरी द्या."

"पावती तुमच्या बायकोकडे पाठवते. धडधाकट घरी पोचलात की सही करा."

तो हसला, पण जाताना हॉर्न वाजवायला विसरला नाही. ट्रकवाल्यांवर निमियाचा खरा राग नव्हता. तिचा नवरा देर्लिस स्वतः असाच ट्रक घेऊन महिन्याचे महिने फिरतीवर असायचा. भरल्या गाडीला ब्रेक लावणं माणसाच्या किती जिवावर येतं, ते तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. म्हणूनच तिला झोप लागत नसे. मुलीचा हात सुटून ती रेघेवर थांबली आहे आणि समोरचा ब्रेक लावायला कंटाळला आहे, असं रोज पहाटे तिच्या डोळ्यांपुढे येई.

स्पीडब्रेकर हवा होता, एवढंच. पण ती पिवळी रेघ म्हणजे हद्द होती. रेघेच्या अलीकडे सांता रोसालिया, पलीकडे पासो वेर्दे. सांता रोसालियाच्या नगरपालिकेत आजोबा-पणजोबांपासून लाल रुमालवाले निवडून येत आणि पासो वेर्देच्या नगरपालिकेत निळे. लालांच्या लग्नात निळी फुलं चालत नसत, निळ्यांच्या मयतात लाल मेणबत्ती. निमियाचं घर लालांत होतं आणि मुलीची बालवाडी निळ्यांत.

लालांचे नगराध्यक्ष काराय विल्फ्रिदो; काराय म्हणजे तिकडचं 'साहेब'. अगडबंब देह, खुर्चीतून उठताना खुर्चीही बरोबर उठायची. निमिया त्यांच्या कचेरीत गेली तेव्हा त्यांनी तिला गरम माते, तिकडचा कडू पाल्याचा चहा, पाजला, मुलीची चौकशी केली, आणि टोपी काढून आतली घामाची पट्टी रुमालाने पुसली.

"बाई, माझ्या बाजूचा स्पीडब्रेकर मी उद्या बांधतो. पण ते निळे बांधणार आहेत का? नाही. मग ट्रक त्या अर्ध्या बाजूने घुसणार. उद्या काही बरंवाईट झालं, तर पाप कुणाच्या माथी? म्हणून थांबलोय."

निळ्यांचे नगराध्यक्ष काराय सेफेरिनो म्हणजे वाळवून ठेवलेलं मक्याचं कणीस. निमिया रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेली. त्यांनीही माते पुढे केला, मुलीचं विचारलं, टोपी काढली, आतली पट्टी पुसली.

"बाई, माझ्या बाजूचा मी उद्या बांधतो. पण ते लाल बांधणार आहेत का?"

पुढचं वाक्य निमियाला पाठ होतं. तिने ते मनातल्या मनात त्यांच्याबरोबर म्हटलं. "पाप कुणाच्या माथी" इथे दोघंही एकदमच पोचले.

परतताना ती शेजारच्या न्या देओलिंदाच्या, म्हणजे देओलिंदाबाईच्या, ओट्यावर टेकली. म्हातारी कट्टर लाल, आणि सगळा संसार एका निळ्याबरोबर केलेली. ती मांडीवर परात घेऊन चिप्याचं, चीज घातलेल्या पावाचं, पीठ मळत होती.

"दोघंही शब्दाला शब्द तेच बोलले हो," निमिया म्हणाली. "टोपीसुद्धा तशीच पुसली."

"मग? तुला काय वाटलं, निळ्याच्या पोटात निळी आतडी असतात?" देओलिंदाने पिठावर मूठ मारली. "माझा नवरा मरेपर्यंत निळा. पण घोरायचा अगदी माझ्या बापासारखा."

"मग तुम्ही मत कुणाला देता?"

"लालांना. मी काय बेइमान आहे?"

निमियाला हसू आलं, आणि लगेच रस्त्यावरून एक ट्रक धडधडत गेला तसं ते विरलं. तिने उठून येरुती अंगणातच आहे ना, ते पाहिलं.

जून उजाडला. जून म्हणजे तिकडचा हिवाळा; थंडी पडली आणि सान हुआनच्या सणाची तयारी सुरू झाली. सणाला मात्र हद्द नव्हती. त्या संध्याकाळी दोन्ही गावं रस्ता बंद करून पिवळ्या रेघेवर जत्रा भरवत. चरबी लावलेला खांब, पेटता चेंडू, निखाऱ्यांवरून चालणं, आणि सगळ्यांत शेवटी बैल. बांबूच्या सांगाड्यावर कातडं टाकलेलं, पुढे बैलाची खरी कवटी, शिंगांना रॉकेलात भिजवलेल्या चिंध्या. शिंगं पेटली की बैल गर्दीत घुसायचा आणि पोरं किंचाळत पळायची. सांगाड्याखाली दोन माणसं असत. एक अलीकडच्या गावाचा, एक पलीकडच्या. खेळ संपला की कातडं उचलत, पुढच्या पायांतला माणूस बाहेर येई, आणि बँड त्याच्या पक्षाची पोल्का, नाचाची धून, वाजवी. वर्षभर ती पोल्का समोरच्यांच्या कानात घुमत राही. मागच्या पायांतला माणूस कोण होता, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोलाही आठवत नसे.

यंदा ऑक्टोबरात निवडणूक होती, आणि यंदा दोन्ही नगराध्यक्षांनी स्वतः बैलात शिरायचं जाहीर केलं होतं. दोघांनीही पुढच्या पायांत.

सणाचं पंचपद यंदा बालवाडीच्या आयांकडे होतं आणि आयांनी निमियाला पुढे केलं होतं. ती राजधानीत कॉलेज शिकून आलेली, तिला चारचौघांत बोलता येतं म्हणून. त्यामुळे बैलाचं तोंड कुणाचं, हे ठरवणं तिच्याकडे आलं.

आधी काराय विल्फ्रिदो आले, चिप्याची टोपली घेऊन. ते गेल्यावर काराय सेफेरिनो आले. टोपली त्याच बेकरीतली होती. येरुतीने दोन्ही टोपल्यांतला एकेक चिपा उष्टा केला आणि म्हणाली, "सारखाच आहे."

निमियाने अंगठ्याचं नख दाताखाली धरलं, सोडलं, आणि दोघांनाही वेगवेगळं एकच सांगितलं.

"आपल्या बाजूचा स्पीडब्रेकर जो आधी पुरा करेल, त्याच्याकडे बैलाचं तोंड."

"आणि दुसरा?" काराय विल्फ्रिदोंनी विचारलं.

"शेपटीला."

ते पोट हलवत हसले. "निळ्यांना शेपूट शोभून दिसेल."

काराय सेफेरिनो हसले नाहीत, ते विचार करणारे होते. ते म्हणाले, "लालांना मागच्या पायांत घालाच, बाई. पुढे कुणी ओढल्याशिवाय ते कधी चाललेत?"

दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडीचे ढीग पडले. निमिया खिडकीतून बघत होती. सकाळी अलीकडे काम सुरू झालं. कंत्राटदार ओब्दुलिओ लाल टोपी घालून मजुरांवर ओरडत होता. दुपारी पलीकडे काम सुरू झालं. ओरडणारा ओब्दुलिओच होता. टोपी निळी होती. दोन्ही गावांत मिळून काँक्रीट कालवायचं यंत्र त्याच्या एकट्याकडे होतं.

"ओब्दुलिओ, तुम्ही नक्की कुणाचे?" तिने फाटकात उभं राहून विचारलं.

"मी सिमेंटचा, बाई," तो म्हणाला. "सिमेंट करडं असतं."

सणाच्या दोन दिवस आधी स्पीडब्रेकर झाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकसंध, ओल्या गोणपाटांखाली झाकलेला. निमिया त्याच्याकडे बघतच राहिली. जेवण झालेल्या म्हशीसारखा तो रस्त्यात निवांत पसरला होता. दोन्ही टोकांना आडव्या फळ्या लावून ट्रक शेतातल्या वाटेने वळवले होते. तिला आतून इतकं हलकं वाटलं की तिने येरुतीला उचलून एक गिरकी घेतली.

तेवढ्यात दोन्ही नगराध्यक्ष दोन्हीकडून येऊन पोचले.

"माझी बाजू आधी झाली."

"वा! माझी आधी."

दोघांनी ओब्दुलिओकडे पाहिलं. तो त्या घडीला बोडका होता.

"साहेब, सगळं एका दमात ओतलं," तो म्हणाला. "मधे सांधा ठेवला की पहिल्याच ट्रकला फुटतं."

"पण मी तुला बजावलं होतं, माझी आधी कर!" दोघंही एकदम म्हणाले.

"दोघांनीही बजावलं होतंत. म्हणून दोघांचीही आधी केली."

कडेला उभ्या असलेल्या बाया फिसकन हसल्या. ते हसणं दोन्ही नगराध्यक्षांना चांगलंच झोंबलं.

"हे बघा बाई," काराय विल्फ्रिदो लाल होत म्हणाले. लाल व्हायला त्यांना वेळ लागत नसे. "बैलाचं तोंड माझं. नसेल, तर सण झाल्यावर माझी बाजू मी पहारीने उखडून नेतो. माझं सिमेंट, माझी मर्जी."

"तुम्ही पहार घेऊन या," काराय सेफेरिनो थंडपणे म्हणाले, "मी सुरुंग आणतो."

ते दोन दिशांना गेले. हे दोघं पहारी घेऊन खरंच येतील की नाही, हे निमियाला सांगता येईना. पण अर्धा जरी उखडला, तरी सगळे ट्रक त्या अर्ध्यातूनच जाणार होते, आधीपेक्षा जोरात. आणि कुठलाही अर्धा असो, पोरं तोच ओलांडून बालवाडीच्या फाटकात जाणार होती.

ती देओलिंदाच्या परसात गेली. तिथे बैलाचा सांगाडा चार विटांवर ठेवलेला होता. म्हातारी कातडं शिवत होती. दोरीला गेल्या वर्षीची कवटी आणि यंदाची कवटी शेजारी-शेजारी टांगलेल्या होत्या.

"चिठ्ठी टाक," देओलिंदा म्हणाली.

"हरणारा पहार घेऊन येईल."

"मग भांडण लावून दे. भांडता भांडता सण निघून जाईल."

"सण जाईल हो. स्पीडब्रेकर राहायला हवा."

येरुती कधी सांगाड्यात शिरली कुणाला कळलं नाही. पुढून तिचं डोकं बाहेर आलं. मग ते आत गेलं, बांबू करकरले, आणि ते मागून बाहेर आलं.

"आई, बैलाला इकडूनपण तोंड आहे!"

"ते शेपूट आहे, सोन्या."

"मी बाहेर बघतेय ना? मग तोंडच."

निमियाने टांगलेल्या जुन्या कवटीकडे पाहिलं. देओलिंदाने तिच्याकडे पाहिलं, मग तीही कवटीकडे बघू लागली. म्हातारीच्या हातातली सुई वर राहिली आणि तिचे खांदे हसण्याने हलायला लागले.

"बाई गं," ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने हे बघायला हवं होतं. निळा होता, पण रसिक होता."

सणाच्या संध्याकाळी निमियाने काराय विल्फ्रिदोंना निरोप पाठवला: तोंड तुमचंच, अंधार पडला की देओलिंदाच्या परसाच्या पुढच्या दाराने या. काराय सेफेरिनोंनाही निरोप गेला: तोंड तुमचंच, मागच्या दाराने या. खोटं एका अक्षराचंही नव्हतं. तरी निरोप पाठवल्यापासून ती अंगणात येरझारा घालत होती. लोकांनी हुर्यो केली तर? दोघंही चिडून तिथेच निघून गेले तर? पहार तर पहार, पण सगळ्या गावासमोर आपण त्यांना हसवलं म्हणून त्यांनी बालवाडीवरच डूख धरला तर?

अंधार पडला. खांबावरून घसरलेली पोरं चरबीने चकाकत फिरत होती. मांडिओच्या कंदाच्या तळलेल्या वड्यांचा वास सगळीकडे पसरला होता. रेघेवर बँड उभा होता आणि रेघेखाली, ओल्या गोणपाटांत, स्पीडब्रेकर घट्ट होत होता.

फाटक उघडलं आणि बैल बाहेर आला.

आधी पेटलेली दोन शिंगं दिसली आणि ओरडा झाला. मग बैल पुरता बाहेर पडला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकालाही दोन शिंगं पेटलेली दिसली. मग कुणीतरी गर्दीतून ओरडलं, "अरे, याला शेपूटच नाही!" आणि हसण्याचा असा लोट उठला की बँडवाल्याच्या हातातली टिपरी पडली.

बैल उभा होता. काराय विल्फ्रिदो अलीकडे ओढत होते, काराय सेफेरिनो पलीकडे. बांबू करकरले, कातडं ताणलं, चारही पाय जमिनीत रुतले. बैल इंचभरही हलेना. मग तो एक पाऊल लालांकडे सरकला आणि लाल ओरडले. लगेच एक पाऊल निळ्यांकडे आला आणि निळे ओरडले.

"ओढा, काराय! ओढा!"

"पोटाचा जोर लावा!"

"आमच्या कणसाला कमी समजू नका!"

बँडमास्तर घाबरून निमियाजवळ आला. "बाई, पोल्का कुणाची वाजवू?"

"तोंड ज्याचं पुढे, त्याची."

त्याने दोन्ही तोंडांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि अर्ध्या बँडला एक, अर्ध्याला दुसरी सुरू करायला सांगितलं. दोन्ही पोल्का एकमेकींत मिसळल्या. कुणाचंच काही बिघडलं नाही. अलीकडच्यांना आपली ऐकू येत होती, पलीकडच्यांना आपली, आणि सगळेच नाचायला लागले. न्या देओलिंदा एका निळ्या शिंप्याबरोबर नाचत होती आणि त्याला लाल घोषणा शिकवत होती. तोही म्हणत होता.

निमिया नाचत नव्हती. ती आगीकडे बघत होती. शिंगांची एक ठिणगी उडून कातड्याच्या मध्यावर पडली आणि तिथून बारीक धूर निघायला लागला. तिने येरुतीचा हात देओलिंदाच्या हातात दिला, एक ओलं गोणपाट उचललं आणि धावत जाऊन ते त्या जागेवर दाबलं. ठिणगी विझली. ती तशीच खाली वाकून आत बघणार, तेवढ्यात कातड्याआडून बोलणं ऐकू आलं.

"जरा जोरात ओढा की, सेफेरिनो. मेल्यासारखे काय उभे?"

"ओढतोय. तुमचा देह आवरा, मला पाठ टेकायला जागा नाही."

"लोक भलतेच खूष आहेत हो."

"आहेतच. मला तर बाहेर पडल्या पडल्या वाटलं होतं, बाईने नाक कापलं. पण हे झकास आहे. असंच ओढत राहू. निवडणुकीपर्यंत पुरेल."

"एक पाऊल तुमच्याकडे येतो. मग एक माझ्याकडे."

"या."

बैल निळ्यांकडे सरकला. निळ्यांनी आरोळी ठोकली.

"स्पीडब्रेकर राहू दे ना मग?" आतून काराय विल्फ्रिदोंचा आवाज आला.

"राहू दे. दोघांनीही बांधला म्हणून सांगता येईल. पण ओढ्यावरच्या पुलाला हात लावायचा नाही हं."

"छे! पूल मोडका आहे तोवर तुम्ही मला शिव्या घाला, मी तुम्हाला घालतो. तो झाला की भाषणात बोलायचं काय?"

"हवापाण्यावर बोलावं लागेल."

आणि मग दोघंही हसले. कातड्याखालून ते हसणं एकच ऐकू आलं, एकाच नरड्यातून आल्यासारखं.

निमिया वाकलेलीच राहिली. ओढ्यावरचा पूल तिला चांगला ठाऊक होता. उन्हाळ्यात येरुती तापाने फणफणलेली असताना ती तिला खांद्यावर टाकून त्या पुलावरून दवाखान्यात गेली होती आणि मधली फळी तिच्या पायाखाली कलली होती. आत्ता तिला राग यायला हवा होता. तो आलाही, घशापर्यंत. पण वर येता येता त्याचं काय झालं कोण जाणे, तोंडातून बाहेर पडलं ते हसूच. हातातलं ओलं गोणपाट ठिबकत होतं. रस्त्यावर स्पीडब्रेकर होता. आता तो कुणी उखडणार नव्हतं, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. गर्दीत येरुती दोन्ही हात वर करून उड्या मारत होती, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच निमियाने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं नाही.

तिने कातड्याची कड उचलली आणि डोकं आत घातलं. रॉकेलचा, घामाचा आणि बांबूचा वास आला. अंधारात पाठीला पाठ लावून दोन माणसं उभी होती, एक रुंद आणि एक अरुंद.

"काराय," ती गोड आवाजात म्हणाली, "पुलाचं कधी धरू मग?"

बैल जागच्या जागी थिजला. बाहेर गर्दी पुढे सरकली, आता काय होणार म्हणून. दोन्ही पोल्का एका पाठोपाठ एक अडखळून थांबल्या.

"कोण, बाई?" आतून कुणीतरी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"मीच. पूल कधी?"

आणि बैल धावला. रेघेवर आल्यापासून पाऊलभराहून जास्त न हललेला तो दोन डोक्यांचा बैल, चारही शिंगं भडकत, निमियापासून लांब, शेतांच्या बाजूला सुसाट सुटला. गर्दी दुभंगली, पोरं किंचाळत मागे लागली, बँडवालेही वाजवायचं सोडून पळाले, आणि सगळ्यांच्या पुढे स्कर्ट वर धरून निमिया, "काराय, थांबा की! पूल! पूल!" असं ओरडत आणि हसत.

त्या दोघांतला एक सुलटा धावत होता आणि दुसरा उलटा. पण दोघांची पावलं इतकी छान जुळली होती, की कातड्याखाली कोणता कोण, ते कुणालाच सांगता आलं नसतं.